गिरजाआईचा कान

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ते केव्हाच गेले. एका मोठ्या नदीच्या वळणावर एक गाव होतं. आसपास नुसत्या बाभळी आणि बोरी. होडी कोरून काढावी असं एक धड झाड नव्हतं. मग माणसं नदी कशी ओलांडायची? सांगडीवरून. आठ घागरी पालथ्या घालून बांबूच्या चौकटीला घट्ट बांधायच्या, वर ताटी टाकायची आणि देवाचं नाव घेऊन बसायचं. घागरीत कोंडलेली हवा माणसाला तोलून धरी. पण घागरीला केसाएवढा तडा असला, तरी हवा निसटून जाई आणि सांगड भर नदीत कलंडे.

त्या गावात असं कधीच झालं नव्हतं, आणि ती सगळी गिरजा कुंभारणीची कृपा. गाव तिला गिरजाआई म्हणे. आव्यातून, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतून, भाजून निघालेली प्रत्येक घागर ती मांडीवर घेई, डोळे मिटी आणि बोटाच्या पेराने तीनदा वाजवी. आवाज खणखणीत आला तर घागरीच्या गळ्याला गेरूचं बोट लावी. बद्द आला तर तिथल्या तिथं फोडून टाकी. चाळीस वर्षांत तिचा कान चुकला नव्हता. गेरूचं बोट दिसलं की पुढे कुणी काही विचारायचं नाही, आणि कुणाला घागर वाजवून बघायची सवयही राहिली नव्हती.

गिरजाआईचा एक नियम होता. घागर तुमच्या हातून फुटली, तर तिच्या दारात यायचं, 'आई, माझ्या हातून फुटली' म्हणायचं, अर्धा दिवस तिची माती तुडवायची आणि नवी घागर घेऊन जायचं. घागर मुळातच खराब निघाली, तर ती दोन घागरी देणार आणि वर हात जोडून माफी मागणार. आता माती तुडवणाऱ्याला रस्त्यावरून जाणारे-येणारे दोन शब्द ऐकवायचेच. "काय गं, आज नाच शिकतेस वाटतं?" एवढंच. त्याने कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत.

पण तुळसाक्काच्या अंगाला पडली असती. ही बाई कशी होती सांगू? कामाला वाघीण, मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. दुसऱ्याची चूक दिसली की हिला गूळ सापडल्याचा आनंद. मागच्याच वर्षी शेजारची नवी सून माती तुडवत होती, तेव्हा हीच कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "हाताला लोणी लावून पाणी भरतेस का गं? माझ्या हातून बाई कधी वाटीसुद्धा पडली नाही." सून बिचारी रडली होती. तुळसाक्का मात्र आठवडाभर ते वाक्य घरोघर सांगत फिरत होती.

आणि एक दिवस काय झालं, ही घाटावरून भरली घागर घेऊन वर येत होती. मागे कुणाचं तरी पोर चिखलात खेळत होतं, त्याला रागवायला ही वळली, आणि घागर घाटाच्या दगडावर आपटली. जोरात नाही. नुसती टेकल्यासारखी. घरी येऊन बघते तर पोटाला बारीक तडा, आणि त्यातून पाणी झिरपतंय.

कुणी पाहिलं नव्हतं. पोरसुद्धा पळून गेलं होतं. तुळसाक्का घागरीसमोर बसून राहिली. आपण चिखलात पाय घालून उभ्या आहोत आणि ती शेजारची सून समोरून येतेय, असं तिला दिसायला लागलं. मरण परवडलं, पण ते नको. ती उठली, घागर पुसून कोरडी केली आणि गिरजाआईच्या दारात गेली.

"आई," ती म्हणाली, "ही घागर आव्यातच तडकलेली दिसते. पहिल्याच दिवसापासून पाझरतेय."

गिरजाआईनं घागर मांडीवर घेतली. गेरूचं बोट बघितलं, तडा बघितला. तड्यावरून पेर फिरवलं.

"मी वाजवली होती गं ही. चांगली वाजली होती."

इथे जर तुळसाक्का गप्प बसली असती, तरी निभावलं असतं. पण खोटं एकदा बोललं की त्याला टेकू लावावासा वाटतो. ती अगदी मायेनं म्हणाली, "वाजवली असशील आई. पण वय झालं आता तुझं. कानाचा काय भरवसा?"

गिरजाआईचा चेहरा पडला. तिनं ती घागर बाजूला ठेवली, उठून दोन नव्या घागरी आणून दिल्या आणि दोन्ही हात जोडले. "चुकले हो बाई. माफ कर. ह्या घागरीवर तू नदीत गेली असतीस तर?" चाळीस वर्षांची पुण्याई असलेली म्हातारी आपल्यापुढे हात जोडून उभी आहे, हे तुळसाक्काला बघवेना. तिनं घाईघाईनं घागरी उचलल्या आणि घर गाठलं. रात्री तिला जेवण गेलं नाही, पण झोप लागली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव जेवून पडलं असताना, कुंभारवाड्यातून फुटण्याचा आवाज आला. एक घागर फुटली. मग दुसरी. मग एकामागून एक, सावकाश, मोजून फोडाव्यात तशा. माणसं धावली. गिरजाआई नव्या आव्यासमोर बसली होती. घागर मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची, वाजवायची. आवाज खणखणीत यायचा. ती मान हलवायची आणि म्हणायची, "हिच्यातही तडा आहे." आणि फोडायची.

एक तरणा पोरगा म्हणाला, "आई, मला तर चांगली वाटते." त्याच्या बापानं त्याला गप्प केलं. गिरजाआई म्हणते तडा आहे, म्हणजे असणार. तिच्यापेक्षा तुझा कान शहाणा का?

त्या दिवसापासून ती रोज दुपारी गावात फिरू लागली. उन्हात सावली पायाखाली गोळा झालेली, कुत्रीसुद्धा भिंतीच्या कडेला जीभ काढून पडलेली, आणि गल्लीत एकच आवाज. टक, टक, टक. ती लोकांच्या घरात शिरे, पाण्याच्या घागरी वाजवी आणि फोडी. घागरी संपल्या तेव्हा ती रांजण वाजवू लागली. मग दारांच्या चौकटी. मग भिंती. भिंतीला कान लावून ती उभी राही आणि हळूच म्हणे, "आत तडा चाललाय. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

आणि लोकांना ऐकू यायला लागलं. खरं सांगतो, हीच गोष्ट मला अजून भिववते. जेवताना घास हातात तसाच राही आणि घरातली सगळी माणसं मान वर करून ऐकत बसत. भिंतीत काहीतरी बारीक किरकिरतंय, आढ्यात काहीतरी सरकतंय. कुणी मोठ्यानं बोलेना. तान्ह्या पोरांना पाळण्यात निजवेनात, कारण पाळण्याच्या दोरीतही म्हणे आवाज येत होता. भिंती होत्या तशाच उभ्या होत्या. तडा कुठेच नव्हता. पण आहे असं एकदा डोक्यात बसल्यावर कोण कुणाची समजूत घालणार?

हे कुठून सुरू झालं, ते गावात एकीलाच ठाऊक होतं. तुळसाक्का दार लावून घरात बसायची. आपण जाऊन सांगावं, असं तिला रोज सकाळी वाटे. रोज ती म्हणे, उद्या सांगू. आता तर नुसती माती तुडवून भागणार नव्हतं. गावभराच्या घागरी फुटल्या होत्या. जितके दिवस गेले तितकं ते सांगणं जड होत गेलं.

आठव्या दिवशी दुपारी आवाज तिच्या दाराशी आला आणि थांबला. कडी वाजली नाही. दार नुसतं उघडलं गेलं. गिरजाआई आत आली. तिचे केस मोकळे होते आणि हातावर गेरू होता. तिनं घरातलं काहीच वाजवलं नाही. सरळ तुळसाक्काकडे आली, थंडगार पेर तिच्या कपाळावर टेकवलं आणि तीनदा वाजवलं. डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिच्या तोंडावर समाधान पसरलं.

"अख्खी," ती म्हणाली. "साऱ्या गावात तू एकटीच अख्खी आहेस गं बाई. काय गोड वाजतेस!"

तुळसाक्का मागे सरकली. गिरजाआई मात्र आनंदात होती. तिनं पदराला हात पुसले आणि सांगितलं, "तुझी राही यायची आहे ना आज पलीकडून? सांगडीला घागरी मीच निवडून दिल्या. शोधून शोधून आठ मिळाल्या. त्यातली एक तुझीच, ती परत आणलेलीस ना, ती. पुन्हा वाजवून पाहिली मी. अगं, तिच्यासारखी दुसरी नाही! उगाच नावं ठेवली आपण तिला."

राही ही तुळसाक्काची एकुलती एक लेक. पहिलटकरीण. सासरची सुगी आटपेपर्यंत निघता आलं नाही, आणि आता नववा महिना लागलेला. बाळंतपणाला माहेरी यायचं म्हणून ती त्या दिवशी पलीकडच्या काठावर येणार होती, आणि रायबा भोई सांगड घेऊन सकाळीच तिला आणायला गेला होता.

आणि त्या क्षणी तुळसाक्काला सगळं कळलं. गिरजाआईचा कान बिघडला नव्हता. उलटा झाला होता. चांगलं वाजलेलं तडकलेलं असतं, असं तुळसाक्कानंच त्याला शिकवलं होतं, आणि चाळीस वर्षं कधी न चुकलेला तो कान हा धडाही बिनचूक शिकला होता. आता त्याला अख्खं ते फुटकं वाटत होतं, आणि फुटकं ते अख्खं. आठ घागरी. आठही तडकलेल्या.

ती धावत सुटली. पायात वहाण नाही, डोक्यावर पदर नाही. घाटावर बरीच माणसं होती, राहीला उतरवून घ्यायला आलेली. रायबा सकाळी एकटाच हलका गेला होता म्हणून कसाबसा पोचला. आता पलीकडच्या काठाला सांगड लागली होती आणि राही ताटीवर बसत होती. इतक्या लांबूनही तिचं हिरवं लुगडं दिसत होतं. रायबानं बांबू रोवला आणि सांगड काठापासून सुटली.

"रायबा, मागे फिर!" तुळसाक्का ओरडली. "घागरी फुटक्या आहेत!"

पाण्यावरून आवाज लांब जातो. रायबाचं उत्तर आलं, "गिरजाआईनं वाजवल्यात, अक्का! आठही घागरींना गेरूचं बोट आहे!"

"तिचा कान गेलाय!"

घाटावरची माणसं तिच्याकडे वळली. "जीभ आवर, तुळसाक्का," एक म्हातारा म्हणाला. "गिरजाआईचा कान गेला? तुला कुणी सांगितलं?"

सांगड पुढे येत होती. तुळसाक्काला दिसत होतं, सांगडीची एक बाजू पाण्यात खचत होती. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ती शेजारची सूनही तिथेच उभी होती. मग तुळसाक्का पाण्यात गुडघाभर शिरली आणि पोटाच्या देठापासून ओरडली. पलीकडे ऐकू जावं म्हणून एकेक शब्द सुटा करून ओरडावा लागला.

"घागर! माझ्या! हातून! फुटली! मी! खोटं! बोलले!"

 तेवढ्यात सांगडीच्या पुढच्या कोपऱ्याखालून बुडबुड्यांचा मोठा लोट वर आला. रायबानं एकदा खाली बघितलं आणि बांबू उलटा लावून सगळा जोर केला. सांगड फिरली. एक कोपरा बुडाला, मग दुसरा. राही ताटीला धरून कंबरेइतक्या पाण्यात बसली होती. काठ चार हातांवर असताना ताटी खालून गेली, आणि रायबानं तिला दंडाला धरून ओढत पलीकडच्या वाळूत नेऊन टाकलं. ती हलली. उठून बसली. घाटावरच्या बायकांनी श्वास सोडला.

बुडाली नाही हो. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

गर्दीच्या मागे गिरजाआई येऊन उभी होती. तुळसाक्का पाण्यातून बाहेर आली आणि तिच्या पाया पडली. "आई, तुझा कान खरा होता. घागर मी दगडावर आपटली. लाज वाटली म्हणून तुझ्यावर ढकललं. मला काय वाटेल ती शिक्षा कर, महिनाभर माती तुडवते, वर्षभर तुडवते."

गिरजाआईनं तिला हाताला धरून उठवलं. ती रागावली नाही. बारकाईनं तुळसाक्काच्या तोंडाकडे बघत राहिली, जशी एखादी वस्तू बघावी.

"तेव्हाही तू अशीच उभी होतीस," ती म्हणाली. "असाच चेहरा, अशीच माया. तेव्हा खरं बोललीस की आत्ता बोलतेस, हे मी कशावरून ओळखू?"

"आत्ता खरं बोलतेय आई, लेकीची शपथ!"

"असेल," गिरजाआई म्हणाली. "मला आता नाही ओळखता येत." आणि ती कुंभारवाड्याकडे निघून गेली. थोड्या वेळानं तिकडून पुन्हा तो आवाज सुरू झाला. टक, टक, टक, आणि मग फुटण्याचा.

गावकऱ्यांनी ठरवलं, आपण स्वतः घागरी वाजवून नवी सांगड बांधू. चार घरांत चुकून उरलेल्या घागरी गोळा केल्या. एकानं वाजवली, म्हणाला खणखणीत. दुसऱ्यानं तीच वाजवली, म्हणाला बद्द. तिसऱ्याला काहीच कळेना. चाळीस वर्षं त्यांनी एकाच कानावर भार टाकला होता. सांगड बांधायला कुणाचा हात पुढे झाला नाही.

पाण्याच्या धक्क्यानं राहीला पलीकडेच कळा सुरू झाल्या. काठावर एका कोळिणीची झोपडी होती, तिथं तिला नेलं. तुळसाक्का घाटावर बसून राहिली. मधे फक्त पाणी होतं, आणि झोपडीचं दार दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर रायबा काठावर आला, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडला, "मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

घाटावर सगळ्यांनी ऐकलं. बायका हसल्या, कुणी साखर आणायला धावलं. तुळसाक्का एकटीच तशी बसली होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"काय म्हणाला तो?" तिनं विचारलं.

"सुखरूप आहेत गं, दोघी!"

"तो मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल." तिनं एकीचा हात घट्ट धरला. "तुम्हीही म्हणूनच म्हणताय. खरं सांगा. गेली ना माझी राही?"

किती जणींनी सांगितलं, आणाभाका घेतल्या. रायबानं तीनदा ओरडून सांगितलं. काही उपयोग नाही. सरळ चेहऱ्यानं, मायेनं खोटं कसं बोलतात ते तिला आतून ठाऊक होतं, आणि आता तिला सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं. ती उठली आणि चालायला लागली. नदी जिथं उथळ होते तिथून वळसा घालून जायचं तर रानातून आठ दिवसांची वाट. ती आठ दिवस चालली.

पोचली तेव्हा राही झोपडीच्या ओसरीत बसली होती, बाळ मांडीवर. चांगली टवटवीत. तिनं उठून आईला पाणी दिलं आणि बाळ तिच्या ओच्यात ठेवलं. बाळ ऊबदार होतं, जड होतं, हातपाय झाडत होतं. तुळसाक्कानं त्याला छातीशी धरलं, आणि रडत रडत विचारलं, "राही, तू खरंच बरी आहेस ना?"

"आहे गं आई. बघ ना."

थोडा वेळ गेला. "खरंच ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?"

"नाही आई."

"आणि ही? हिला काही झालेलं नाही ना? काही लपवत नाहीस ना माझ्यापासून?"

राहीनं सात वेळा उत्तर दिलं. आठव्यांदा आईनं तेच विचारलं. तिनं आईच्या ओच्यातून बाळ उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तुळसाक्का बाहेर बसली, आतून लेकीच्या बोलण्याचा आवाज येत होता, आणि त्यातला एकही शब्द तिला खरा वाटत नव्हता.

म्हणून लहानथोर सगळ्यांना सांगणं हेच: हातून फुटलं तर 'माझ्या हातून फुटलं' म्हणावं, खोटं बोलून भांडं बदलून मिळतं, पण मोडलेला विश्वास बदलून मिळत नाही, ना दुसऱ्याचा ना आपला.